पूजेतली पक्कड

गेल्या आठवड्यात ओंकारने, म्हणजे माझ्या दादाच्या मुलाने, पुण्याहून मला फोनवर दोन फोटो पाठवले. दोन्हीत एकेक घडीचं अवजार, पोटातली सगळी पाती बाहेर काढून खेकड्यासारखं पसरलेलं. खाली लिहिलं होतं, 'आत्या, एक कामासाठी आहे, एक रोज खिशात ठेवायला. कोणतं घेऊ?' त्याचं काम म्हणजे दिवसभर संगणकासमोर बसणं. त्यात पक्कड कुठे लागते, असं मी विचारलं. तो म्हणाला, पार्सलं उघडायला. पार्सलात काय येतं ते मी विचारलं नाही. बहुधा आणखी अवजारं येत असावीत. दोन महिने तो या गोष्टीचा अभ्यास करतोय म्हणे. लग्नाच्या वेळी त्याने दोन आठवड्यांत होकार दिला होता, त्या मानाने हे बरंच झालं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, मला लगेच सांगता येणार नाही. अशीच दोन अवजारं माझ्यासमोर एकदा ठेवली होती. तेव्हा मी सतरा दिवस घेतले आणि शेवटी हातात तिसरंच आलं.

आमचं रत्नागिरीतलं घर जांभ्याचं, कौलारू, आणि निम्मं घर म्हणजे आबांचं दुकान. आबा पाण्याच्या मोटारी आणि पंप दुरुस्त करायचे. पडवीत मोटारी उघड्या पडलेल्या असायच्या, वार्निश सुकवायला त्यांच्या पोटात जळते बल्ब सोडलेले असायचे, आणि पावसाळ्यात आई त्याच उबेवर आमचे कपडे वाळवायची. त्यामुळे मी शाळेत गेले की वर्गात वार्निशचा वास यायचा. मोटारीचं कॉइल गुंडाळायचं काम माझ्याकडे होतं. लाकडी साच्यावर तांब्याची तार हाताने गुंडाळायची आणि फेरे मोजायचे. मी मोजत असताना घरात कोणी आकडा उच्चारायचा नाही असा नियम होता. आईने एकदा दारावर आलेल्या बाईला 'चार नारळ दे' म्हटलं, आणि मला अख्खं कॉइल उलगडावं लागलं. तेव्हापासून आई बोटं दाखवून बाजार करायची.

कॉइल मी गुंडाळायची, पण ते मोटारीत बसवून मोटार विहिरीवर चढवायला मात्र आबा दादाला घेऊन जायचे. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि विजेला भयंकर घाबरायचा. बटण दाबायचं तर काठीने दाबायचा. त्याला मुंबईला जाऊन कुठल्याशा ऑफिसात चिकटायचं होतं, आणि तो ते रोज सांगायचा. मला विहिरीवर जायचं होतं, आणि मीही ते रोज सांगायचे. आबा दोघांचंही शांतपणे ऐकून घ्यायचे आणि दादाला घेऊन जायचे. "मुलीने विहिरीवर उतरायचं नाही. गुंडाळायचं ते घरात," एवढंच त्यांचं उत्तर. मला याचा राग यायचा, आणि तो मी तारेवर काढायचे. माझी कॉइलं फार घट्ट असत, असं आबा कौतुकाने सगळ्यांना सांगत.

तर अशात बाळामामा आला. बाळामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मालवाहू जहाजावर खलाशी. सुट्टीवर आला की आधी आमच्याकडे उतरायचा आणि सुट्टी संपली की आमच्याकडूनच जायचा. या खेपेला त्याने माझ्यासाठी दोन अवजारं आणली होती. एक मोठं, दोन मुठी उघडल्या की मधून पक्कड निघायची, मुठींच्या पोटात चाकू, कानस, दोन डिसमिस आणि एक करवत. तळहातात धरलं तर हात भरून जायचा. दुसरं छोटं, लाल पाठीचं, त्यात पातं, कात्री, नखं घासायची कानस, एक लहानसा डिसमिस. आता तसली अवजारं बाजारात ढिगाने मिळतात, पण तेव्हा आमच्या आळीत कोणी पाहिली नव्हती.

मामा आला त्या दिवशी शनिवार होता, आणि शनिवारी आमच्या घरात लोखंड घेत नसत. मामा म्हणाला, "ताई, हे लोखंड नाय, स्टेनलेस स्टील आहे." आई म्हणाली, "आबांचं लोहचुंबक आण." लोहचुंबक आणलं. दोन्ही अवजारं त्याला टपकन चिकटली. आईने तुळशीकडे बोट दाखवलं आणि ती रात्र दोघांनी वृंदावनाच्या कट्ट्यावर काढली. रविवारी ती घरात आली खरी, पण पितृपक्ष चालू होता, आणि पितृपक्षात नवी वस्तू कोणी आपली म्हणून घेत नाही. "घरात राहू देत," आई म्हणाली, "पण कोणाची म्हणून नाय. बाळाचीच म्हणून." नियम मोडायचा नाही आणि कामही अडवायचं नाही, यात आईचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती शिकली असती तर वकील झाली असती आणि आबांनी केव्हाच तडजोड केली असती.

मामाने मात्र अट घातली. दोन्हीतलं एक माझं, उरलेलं दादाचं. दसऱ्याला तो मुंबईची एसटी धरणार होता, तोवर मी सांगायचं. "हे बघ मंदे," तो म्हणाला, "मोठं कामाला. छोटं रोज जवळ बाळगायला. कामाला जाणारीने मोठं घ्यावं. घरी बसणारीने छोटं." तो सहज बोलून गेला, जहाजावरच्या माणसाला घरात काय चाललंय ते कुठे ठाऊक असतं? आबा मोटारीत डोकं घालून बसले होते, ते तिथूनच म्हणाले, "मग छोटंच." मोठं घेतलं तर आबांशी उघड वाकडं. छोटं घेतलं तर मी आपणहून घरी बसले, असं होणार. मी म्हटलं, सांगते दसऱ्याला.

मग सतरा दिवस आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. मासळीवाल्या बाईपासून पोस्टमनपर्यंत जो येई तो दोन्ही अवजारं उघडून बघे, आपलं मत देई आणि एखादं पातं उघडंच ठेवून जाई. आबांचं मत ठरलेलं होतं. "एकात सगळं म्हणजे कशातच काही धड नाय. पक्कड ती पक्कड, पाना तो पाना." दादाने दोन्हीत सोड्याच्या बाटलीचं बूच निघतं की नाही तेवढं पाहिलं. निघत होतं, म्हणून तो तटस्थ राहिला. मी मोठ्याची करवत नारळाच्या करवंटीवर चालवून पाहिली आणि छोट्याच्या कात्रीने तारेवरचं वेष्टण कापून पाहिलं. खरं सांगायचं तर दोन्ही चांगली होती. पण माझं अडलेलं अवजारापाशी नव्हतंच, आणि ते आई सोडून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. नवरात्र बसलं, घरात मासळी बंद झाली, आणि तसा सगळ्यांचाच स्वभाव जरा कोरडा झाला.

खंडेनवमीला आबा दुकानातली सगळी हत्यारं पूजेला बसवत. सकाळी ती रॉकेलने धुवायची, पुसायची, पाटावर लाल कापड घालून मांडायची. मध्ये मोठा पाना, तो आबांच्या वडिलांचा, बाजूला पकडी, हातोडे, टेस्टर. हळदकुंकू, झेंडूची फुलं, वर अक्षता. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आईची विळी तेवढी या पूजेत कधी बसली नाही. विळी पाटावर गेली तर नैवेद्याच्या वड्यांबरोबरची भाजी कशाने चिरणार, असं आईच म्हणायची. म्हणजे सणाच्या दिवशी घरातली सगळी हत्यारं विश्रांती घेत आणि विळी दुप्पट चाले, आईसकट. हे आज लिहिताना मला दिसतं. तेव्हा मी वडे खाण्यात गुंग असायचे.

त्या वर्षी मामाच्या अवजारांचा प्रश्न निघाला. आबा म्हणाले, घरात आहे तर मोठं बसवा पूजेला, पक्कड म्हणजे हत्यारच. छोट्याकडे बघून आई म्हणाली, "नखं घासायची वस्तू पूजेत ठेवतात होय?" म्हणून छोटं माझ्या खिशात राहिलं. मोठं पाटाच्या कडेला बसलं, पाहुणा बसतो तसं जरा अंग चोरून. जेवणं झाली, वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, आणि आबा, दादा आणि मामा तिघे पालीला आत्याकडे गेले. हत्यारं पूजेला असली म्हणजे आबांची वर्षातली एकुलती एक सुट्टी, आणि ती ते पालीलाच घालवत.

ते गेले आणि तासाभरात दारात रिक्षा थांबली. उतारावरच्या प्रसूतिगृहातली आया होती, आक्का म्हणायचे सगळे तिला. "मंदाताय, आबा हायत काय गो? आमचा पंप बंद झालाय. टाकीत थेंब नाय, आणि एक बाई अडलीय, कधीपण सुटंल." आबा नाहीत म्हटल्यावर ती मटकन पायरीवर बसली. दोन मेकॅनिकांकडे ती आधीच जाऊन आली होती. एक झोपला होता, एक गावी गेला होता, आणि दोघांचीही हत्यारं पूजेत. आमच्या गावात त्या दिवशी मोटार बिघडली तर तिने दसऱ्यापर्यंत थांबावं अशी अपेक्षा असते. बाळंतिणीला हे कोणी सांगायचं?

मी आईकडे पाहिलं. आईने पाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "जा. बघून ये काय झालंय ते. पूजेला हात लावू नको." मी जशी होते तशी रिक्षात बसले. खिशात छोटं होतं.

प्रसूतिगृहाची विहीर मागच्या उताराला, चाळीसेक पायऱ्या खाली, आणि पंपाची खोली तिच्या कडेला. दोघी बायका, अडलेल्या बाईची सासू आणि जाऊ, कळशीने पाणी वर नेत होत्या. विहीर ऑक्टोबरची, तुडुंब. सासू प्रत्येक खेपेला माझ्याकडे बघून विचारायची, "मेकॅनिक कधी येतोय?" मी म्हटलं, येईल. मेन स्विच पाडला, छोट्याच्या डिसमिसने स्टार्टरचं झाकण उघडलं. आतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी तांब्याची टोकं, जळून काळे ठिक्कर पडले होते. आबा ते घासतात हे मी शंभरदा ऐकलं होतं, पाहिलं एकदाही नव्हतं. नखं घासायच्या कानशीने मी ते घासले, अगदी तांबडे दिसेपर्यंत. मेन चढवला, बटण दाबलं. काठीशिवाय. मोटार फिरली! पण आवाज पोकळ. पंपातलं पाणी उतरून गेलं होतं, आणि पाणी पाजल्याशिवाय पंप पाणी ओढत नाही. त्यासाठी पंपाच्या डोक्यावरचा नट उघडायचा, आत पाणी भरायचं, नट बंद करायचा. इतकं सोपं. फक्त नट गंजून जागीच बसला होता. मी छोट्याचं पातं लावलं, ते वाकलं. दगडाने नटाभोवती ठोकलं, आक्काकडून खोबरेल आणून ओतलं. नट हलेना. वरून त्या बाईचं ओरडणं ऐकू येत होतं. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "पळ, आईला सांग, मोठा पाना दे. मंदाने मागितलाय म्हण. मी शिव्या खाईन."

रिक्षा परत आली ती आईला घेऊन. आई पदर खोचून पायऱ्या उतरत आली, पदराखालून मोठं अवजार काढलं आणि माझ्या हातात न देता पंपाच्या कट्ट्यावर ठेवलं. धारेची वस्तू हातात देत नाहीत, भांडण होतं. त्यावर हळदकुंकू तसंच होतं आणि मुठीत झेंडूची पाकळी अडकली होती.

"मी पाना मागितला होता," मी म्हटलं.

"पाना घरचा. तो पूजेत आहे."

"मग हे पण पूजेतच होतं ना?"

"हे बाळाचं. तू अजून घेतलंयस कुठे? पाहुण्याला पंगतीला बसवलं म्हणून तो काय घरचा होत नाय."

मला त्या स्थितीतही विचारावंसं वाटलं. "देवाला विचारलंस?"

"विचारलं. तो काही बोलला नाय. नाय म्हणाला असता तर ऐकलं असतं." तेवढ्यात वरून पुन्हा ओरडणं आलं. आईने वर पाहिलं आणि एकदम वेगळ्या आवाजात म्हणाली, "आटप गो लवकर. मला दोन्ही वेळेला घरात पाणी होतं."

मी पक्कड नटावर चढवली. माझ्या हातांवर आईने आपले हात ठेवले. हळदीने मूठ निसटत होती, म्हणून आईने पदराचं टोक मध्ये घातलं. दोघींनी मिळून ओढ दिली आणि तिसऱ्या ओढीला नट करकरला. सासूच्या हातातली कळशी मी जवळजवळ हिसकावून घेतली, पंपात ओतली, बुडबुडे थांबेपर्यंत. नट बंद, मेन वर, बटण. दोन क्षण तोच पोकळ आवाज, आणि मग तो बदलला, भरला. पंपाने पाणी धरलं की आवाज कसा होतो ते ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. वरून आक्का ओरडली, "आलं, आलं!" सासूने तिथेच कळशी टाकून हात जोडले. पण ते पाणी होतं. नातू अर्ध्या तासाने आला. सासूने जाताना मला सांगितलं, "तुमचा मेकॅनिक काय अजून आला नाय हां." आई तिला म्हणाली, "आला होता. गेला." मला तेव्हा इतका आनंद झाला होता की मी नुसती हसत सुटले.

घरी येऊन आईने अवजार धुतलं, नवं हळदकुंकू लावलं आणि जागच्या जागी ठेवलं. दिवेलागणीला आबा आले, पाय धुतले, पूजेसमोर हात जोडले आणि तसेच उभे राहिले. "पूजेतलं काहीतरी उठलं होतं," ते म्हणाले. "फूल डावीकडे होतं." आईने सगळं सांगितलं. पाहुणा, पंगत, देवाचं न बोलणं, काही गाळलं नाही. मामा भिंतीला टेकून ऐकत होता, दादा तोंड उघडं टाकून. मला वाटलं, आता माझी कॉइलंही बंद. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "चालला?"

"चालला."

"नट कशाने फिरवलास?"

"पकडीने."

"पकडीने!" आबा ओरडले. आबा असे ओरडलेले मी पहिल्यांदाच ऐकत होते. "नट पकडीने फिरवतात? कडा मोडल्या असतील त्याच्या! परत कसा उघडायचा तो? अक्कल कुठे ठेवली होतीस?" विहिरीवर उतरल्याबद्दल, पूजा उठल्याबद्दल चकार शब्द नाही. रात्रीच्या जेवणात ते दोनदा स्वतःशीच म्हणाले, "पकडीने म्हणे." मी जेवले नाही. ओरडा खाल्ला म्हणून नव्हे. मला कळतच नव्हतं की आता माझं काय ठरलं.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरली. दरवर्षी आबा आपला पाना उचलून कपाळाला लावत आणि मग बाकीची हत्यारं दादा पेटीत भरी. त्या दिवशी आबांनी पाना उचलला, कपाळाला लावला, दोन पावलं चालत माझ्यापर्यंत आले आणि तो माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. हातात नाही दिला. त्यांनाही माझ्याशी भांडण नको असणार. "नट याने फिरवायचा," ते म्हणाले. "उचल. सोनं वाटून झालं की जाऊ, तो नट बदलून टाकू. लोकांच्या पंपावर असलं काम ठेवायचं नसतं." पाना उचलताना जड लागला. डोळ्यांना पाणी आलं ते मी कुंकू उडालं असं सांगितलं. दादाने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की पाटावरच्या अक्षता उडाल्या.

मामा पिशवी घेऊन दारात उभा होता. "मग मंदे, कोणतं?" मी म्हटलं, मामा, मला आता काहीच नको. माझं झालं. म्हणून छोटं दादाला मिळालं, वाकल्या पात्यासकट, आणि मुंबईत त्याने आयुष्यभर त्यानेच नखं घासली. मोठ्याचं काय, असा प्रश्न पडला तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ते इथेच राहू दे," ती म्हणाली. "मला सांडशी म्हणून होईल." पुढे ती खरंच त्या परदेशी पकडीने चुलीवरची पातेली उतरवायची. करवत आणि चाकू तिने कधी उघडलेही नाहीत.

ओंकारला मी अजून काही कळवलेलं नाही. त्याला काय सांगणार? कामाचं कोणतं आणि रोजचं कोणतं हे अवजारावर लिहिलेलं नसतं, ते घरातली माणसं ठरवतात आणि कधीकधी बदलतात, हे त्याला पार्सल उघडताना सुचेल तेव्हा सुचेल. पण पुढच्या वर्षीची खंडेनवमी त्याला सांगावीशी वाटते. आबांनी हत्यारं मांडली, मी माझा पाना मध्ये ठेवला, आणि आई आतून तिची पक्कड घेऊन आली. घासून लख्ख केलेली. खिळीच्या खाचेत आदल्या वर्षीचं कुंकू तेवढं राहून गेलं होतं. तिने ती आपल्या हाताने पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. दुपारी चहा उकळून पातेल्यातून वर आला. आईने ते फडक्याने उतरवायला घेतलं, वाफेने बोटं भाजली, चहा निम्मा सांडला. आबा पडवीतून म्हणाले, "अगो, घे की ती पक्कड. पाहुण्याची ना ती? तिला कुठला नेम?"

आई बोटं पाण्यात बुडवून उभी होती. म्हणाली, "आता माझी आहे ती."